झाशीचा जमाखर्च

(मंडळाच्या वाचनालयात, इंदूर येथे मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या घरातूनच विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. वीस वर्षे काउंटरवर बसून दुसऱ्यांचे पैसे मोजत आहोत. पण कार्यवाहांनी गळ घातली, की तुम्ही झाशीला जाऊन आलात तर दोन शब्द सांगा. म्हणून उभे राहिलो आहोत. समोर इतिहासाचे दोन निवृत्त प्राध्यापक बसलेले दिसतात. चुकलो तर कान धरावा, फक्त व्याख्यान संपल्यावर धरावा.

झाशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. पाठीशी बांधलेले मूल, हातात तलवार, उधळलेला घोडा. ते चित्र आम्हालाही प्रिय आहे. लहानपणी गणेशोत्सवाच्या देखाव्यात आम्ही त्या घोड्याची शेपूट धरून बसलो होतो. पण तीन दिवस त्या गावात राहिल्यावर लक्षात आले की आपल्याला घोडा ठाऊक आहे, गाव ठाऊक नाही.

आम्ही उभयता आणि मुलगी मालवा एक्स्प्रेसने रात्री पोहोचलो. स्टेशनचे नाव २०२१च्या डिसेंबरात बदलून 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे झाले आहे. बाहेर रिक्षावाल्याने आमचे आपसातले बोलणे ऐकले आणि विचारले, "पूना से आए हैं?" म्हटले, नाही, इंदूरहून. तो म्हणाला, "मराठी हैं तो यहीं के हुए, रानी साहब वाले." आता याच्या उलट अनुभव सांगतो. पुण्याला नात्यातल्या लग्नात गेलो की कोणीतरी हमखास म्हणते, "तुम्ही एम.पी.चे ना? अरे वा, मराठी छान बोलता की!" झाशीचा रिक्षावाला आपल्याला घरचे म्हणतो आणि पुण्याचा पाहुणा आपले कौतुक करतो. या दोन वाक्यांच्या मध्ये आपण सगळे कुठेतरी राहतो. असो.

आधी जमिनीबद्दल बोलू. बेतवा, म्हणजे जुनी वेत्रवती, गावाच्या पूर्वेला ओरछ्याच्या पायाशी वाहते. पहूज पश्चिमेला, गावापासून अगदी जवळ. या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २८५ मीटरवर झाशी आहे. आपल्या इंदूरच्या पायाखालचा काळा कातळ लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो सह्याद्रीचा सख्खा भाऊ. झाशीखालचा ग्रॅनाइट मात्र अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. तिथे गावाबाहेर पडले की गोल गुळगुळीत शिळा एकावर एक रचून ठेवल्यासारख्या दिसतात, आणि मधूनच गारगोटीच्या लांबच लांब पांढऱ्या कण्या जमिनीतून वर आलेल्या, नैऋत्येकडून ईशान्येकडे धावणाऱ्या.

या खडकाचा स्वभाव कळला की बुंदेलखंडाचा निम्मा इतिहास कळतो. पाऊस तसा वाईट पडत नाही, वर्षाला ऐंशी-नव्वद सेंटिमीटरच्या घरात. पण ग्रॅनाइट पाणी पीत नाही. पाऊस पडतो, वाहतो, बेतवेत जातो आणि तिथून यमुनेला. विहिरीला पाणी लागते ते वरच्या झिजलेल्या थरापुरते. म्हणून चंदेलांनी आणि बुंदेल्यांनी गारगोटीच्या त्या कण्यांमध्ये जिथे खिंड सापडली तिथे बांध घालून तलाव केले. बरुआसागरचा तलाव अजून भरतो. आम्ही त्याच्या बांधावर बसून पेरू खाल्ले. इंग्रजांनी परीछ्याला बेतवेवर बंधारा घातला, स्वातंत्र्यानंतर माताटीला धरण झाले, आणि आता केन नदीचे पाणी बेतवेत आणण्याची चव्वेचाळीस हजार कोटींहून मोठी योजना हाती घेतली आहे. तिची पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ला खजुराहोला झाली. त्यात पन्नाच्या जंगलाचा आणि वाघांचा मोठा प्रश्न आहे. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

मातीला तिथे चार नावे आहेत. मार आणि काबर या काळ्या, पडुवा पिवळसर हलकी, राकड म्हणजे खडकाळ. काळ्या जमिनीत एक वैरी आहे, कांस नावाचे गवत. दोन हंगाम शेत पडीक राहिले की कांस शिरते आणि त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलाच्या नांगराला ती उपटत नाहीत. लढाई, दुष्काळ किंवा रोगराईने शेतकरी एकदा गाव सोडून गेला की परत आल्यावर त्याचे शेत त्याचे राहिलेले नसते. हे गवत लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

एवढ्या रुक्ष मुलखात शहर का उभे राहिले? वाटेमुळे. दक्खनेतून आणि माळव्यातून ग्वाल्हेर-आग्र्याकडे जाणारा रस्ता या खिंडीतून जातो. आजही श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा आणि पोरबंदर ते सिलचर हा २७ क्रमांकाचा महामार्ग झाशीलाच एकमेकांना छेदतात. ज्याच्या हातात झाशी, त्याच्या हातात जकात. बँकेच्या माणसाला हे पटकन कळते.

ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव बुंदेला याने १६१३ साली बंगरा नावाच्या टेकडीवर किल्ला बांधला. ओरछ्याच्या महालातून ती टेकडी धूसर सावलीसारखी, 'झाँई-सी' दिसली म्हणून झाशी, अशी दंतकथा सांगतात. गावाचे जुने नाव बलवंतनगर. आपल्या मंडळींचा संबंध येतो तो छत्रसालांमुळे. महंमदखान बंगशाने त्यांना जैतपूरला कोंडले, १७२९ साली बाजीराव पेशवे मदतीला धावले, आणि छत्रसालांनी आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा त्यांना दिला. इथवर आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण झाशी ओरछेकरांकडे होती आणि पेशव्यांच्या सरदारांनी ती १७४२च्या सुमारास त्यांच्याकडून घेतली, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. ओरछ्याला त्याचा विसर पडला नाही, हे पुढे दिसेलच.

झाशीचे पहिले मराठी सुभेदार नारो शंकर. हे नाव आपल्याला वेगळ्याच कारणाने माहीत असते. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला आपल्या आज्या 'नारोशंकराची घंटा' म्हणत. तेच हे नारो शंकर राजेबहाद्दर, मालेगावच्या किल्ल्याचे. नाशिकला गोदावरीकाठी त्यांनी १७४७ साली महादेवाचे देऊळ बांधले आणि वसईच्या विजयात हाती आलेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगली. झाशीच्या किल्ल्याचा जो भाग त्यांनी वाढवला त्याला शंकरगड म्हणतात. गाव त्यांनीच वसवले म्हणायला हरकत नाही. व्यापारी आणले, दक्षिणी कुटुंबे आणली. पानिपतच्या मोहिमेत दिल्ली सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. पानिपतानंतर मराठ्यांचा जम विस्कटला, झाशी काही काळ अवधच्या नवाबाकडे गेली. ती घडी पुन्हा बसवण्याच्या धावपळीतच आपले मल्हारराव होळकर १७६६ साली त्याच प्रांतात, आलमपूरला गेले. त्यांची छत्री तिथे आहे. इंदूरहून झाशीला जाणाऱ्याने थोडी वाट वाकडी करून ती पाहावी. आम्हाला जमले नाही, रजा संपत होती.

मग नेवाळकर आले. मूळचे रत्नागिरीकडचे, खानदेशात पारोळ्याला जहागीर. रघुनाथ हरी नेवाळकरांपासून सुभेदारी त्या घराण्यात राहिली. झाशीच्या टांकसाळीच्या रुपयांवर बलवंतनगरचे नाव असे आणि बादशहा शाह आलमचे. राज्य मराठ्यांचे, नाणे मोगलांच्या नावाचे, वापरणारे बुंदेले. त्या काळच्या व्यवहाराची ही खरी तऱ्हा. आज आपण तिला एकाच रंगात रंगवतो.

आता आमच्या आवडीच्या भागाकडे येतो, म्हणजे कागदांकडे.

१८१७च्या जूनमध्ये पुण्याच्या तहाने बाजीराव दुसऱ्यांनी बुंदेलखंडातले हक्क कंपनीला सोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने झाशीच्या रामचंद्ररावांशी स्वतंत्र करार केला आणि त्यांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना ते राज्य वंशपरंपरा चालेल असे मान्य केले. १८३५ला रामचंद्रराव वारले, तेव्हा दत्तकाचा दावा पुढे आला होता. कंपनीने तो मानला नाही, पण राज्य घराण्यातल्याच दुसऱ्या पुरुषाला दिले. पुढे गंगाधरराव आले. १८४२ला मोरोपंत तांब्यांची मुलगी मनकर्णिका त्यांना दिली. १८५१ला मुलगा झाला, तो चार महिन्यांत गेला. २० नोव्हेंबर १८५३ला गंगाधररावांनी घराण्यातला पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला, नाव दामोदर ठेवले, इंग्रज अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावले, पत्र दिले. दुसऱ्या दिवशी ते वारले.

आमच्या काउंटरवर महिन्यातून एकदा तरी हा प्रसंग घडतो. खातेदार जातो, नॉमिनी येतो, मग दुसरा कोणी येऊन म्हणतो, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. भांडण नेहमी एका शब्दावर असते. झाशीत तो शब्द होता 'वारस'. गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याचा अर्थ पोटचा वारस असा घेतला आणि १८३५च्या नकाराचा दाखला दिला. राणीने उलट खलिते पाठवले. त्यांतला युक्तिवाद वाचण्यासारखा आहे: वारस आणि उत्तराधिकारी असे दोन शब्द करारात वेगवेगळे घातले आहेत, तर दोघांचा अर्थ एकच कसा? कोणत्याही वकिलाने मान डोलवावी असा हा मुद्दा. मार्च १८५४ला झाशी खालसा झाली.

पण खरा जमाखर्च पुढे आहे. राणीला सालाना साठ हजार रुपये पेन्शन ठरली. गंगाधररावांची खासगी ठेव, सहा लाखांच्या आसपास, दामोदररावांच्या नावाने सरकारात ठेवून घेतली. मूल सज्ञान झाल्यावर द्यायची. म्हणजे दत्तक राज्याला चालत नाही, पण ठेवीला चालतो! मग संस्थानच्या जुन्या कर्जापोटी राणीच्या पेन्शनीतून रक्कम कापू, असे कंपनीने कळवले. राज्य तुम्ही घेतले, तर राज्याचे कर्जही तुमचे. मत्ता तुमच्याकडे आणि देणी माझ्याकडे, असा ताळेबंद जगात कुठे असतो? राणीचा आक्षेप हाच होता आणि बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तो उचलून धरील. पुढे मुलाची मुंज करायची म्हणून त्या सहा लाखांतला एक लाख मागितला, तर सरकारने चार जामीनदार आणा म्हटले. स्वतःच्या मुलाच्या ठेवीतून, त्याच्याच मुंजीसाठी, जामीनदार! राणीने जामीनदार दिले आणि मुंज केली. घोड्यावरची राणी सगळ्यांना आठवते. आम्हाला ही अर्ज लिहिणारी, नियम विचारणारी, जामीनदार गोळा करणारी तिशीच्या आतली विधवा बाई विसरता येत नाही.

१८५७ आपल्याला पाठ आहे, म्हणून भराभर जातो. ८ जूनला जोखनबागेत सुमारे साठ इंग्रज मारले गेले, त्यांत बायका-मुले होती. राणीचा त्यात हात होता की नाही यावर इतिहासकार अजून भांडतात. मात्र त्यानंतर सागरच्या इंग्रज कमिशनरनेच तिला जिल्ह्याचा कारभार पाहण्यास कळवले होते. आणि त्याच वर्षी झाशीवर पहिली फौज चालून आली ती इंग्रजांची नव्हती. ती ओरछ्याची होती, दिवाण नत्थे खान तिच्या पुढे. १७४२ची बाकी त्यांनी एकशे पंधरा वर्षांनी वसूल करायला काढली. राणीने ती परतवली. पण 'सगळे बुंदेलखंड राणीच्या मागे उभे राहिले' असे भाषणांत म्हणतात, ते तेवढे सोपे नाही.

इंग्रजी फौज कुठून आली? आपल्या महूहून. सर ह्यू रोजच्या फौजेचा एक भाग महूहून निघाला, दुसरा सीहोरहून. २१ मार्च १८५८ला झाशीला वेढा पडला. तात्या टोपे वीस हजारांच्या फौजेने मदतीला आले, १ एप्रिलला बेतवेकाठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला गोरे शहरात शिरले. राणी रात्री किल्ल्यातून निघून काल्पीला गेली, तिथून ग्वाल्हेर, आणि जूनमध्ये तिचा अंत.

शहराचे काय झाले ते एका मराठी भिक्षुकाने सांगून ठेवले आहे. विष्णुभट गोडसे, पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज, म्हणून बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने निघाले आणि नेमके वेढ्याच्या वेळी झाशीत अडकले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ला चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. त्यात हलवाईपुऱ्याला लावलेली आग आहे, कोष्टीपुऱ्यातली कत्तल आहे, पुस्तकशाळेचा नाश आहे. लुटीचेसुद्धा दिवस ठरले होते. आधी सोने-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे आणि धान्य. त्या लुटीचा हिशेब ठेवणारा एक कर्जबाजारी ब्राह्मण असावा, यात काहीतरी न्याय आहे. आपल्या घरांतून हे पुस्तक असायला हवे. वाचनालयात प्रत आहे. मागितली तर मिळते, कारण ती आम्हीच परत केली आहे.

किल्ल्यात तोफची गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. राणीच्या रूपात लढलेल्या झलकारीबाईचे, कोरी समाजातल्या बाईचे नाव तिथे मुलांनाही ठाऊक आहे. ज्यांचा कोष्टीपुरा कापला गेला ते आपले नातेवाईक नव्हते. आपण आपल्या मंडळात जयंती करतो तेव्हा फलकावर यांतले एकही नाव नसते. हे मंडळाच्या कार्यकारिणीला बोलत नाही, आम्ही स्वतः तीन वर्षे तो फलक रंगवला आहे.

यानंतरचा भाग पुस्तकांत सहसा नसतो. १८६१ला इंग्रजांनी झाशीचे शहर आणि किल्ला शिंद्यांना दिला, पण जिल्हा स्वतःकडे ठेवला. मग जिल्ह्याचे ठाणे कुठे? तटाबाहेर, छावणीजवळ, 'झाशी नौआबाद' नावाच्या जागी. पंचवीस वर्षे एकाच गावाच्या भिंतीत ग्वाल्हेर संस्थान आणि भिंतीबाहेर इंग्रजी मुलूख. भाजी एका राज्यात, कचेरी दुसऱ्या राज्यात. १८८६ला अदलाबदल झाली: झाशी इंग्रजांकडे, ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे. बँकेत आम्ही याला काँट्रा एंट्री म्हणतो. दोन्ही बाजूंना रक्कम, रोख कुठेच नाही, आणि रहिवाशांना कोणी विचारत नाही. बेळगावकडच्या आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्या काळात शेतकऱ्याचे काय चालले होते? लढाईत ओसाड पडलेल्या शेतांत कांस शिरले. त्यावर १८६८-६९चा दुष्काळ. सारा मात्र रोखीने आणि मुदतीत. जमिनी सावकारांकडे इतक्या गेल्या की १८८२ला सरकारला खास झाशीच्या कर्जबाजारी जमीनदारांसाठी कायदा करावा लागला आणि १९०३ला बुंदेलखंडात जमिनीच्या हस्तांतरावर बंधन घालावे लागले. याच काळात रेल्वे आली, कारखाना आला, आणि झाशी पुन्हा वाटेवर जगू लागली.

१९५५च्या राज्य पुनर्रचना आयोगापुढे झाशीचाही विषय होता. सरदार पणिक्करांनी वेगळे टिपण जोडून उत्तर प्रदेश तोडावा, झाशी विभाग आग्र्याच्या नव्या राज्यात घालावा असे सुचवले. ते मानले गेले नाही. म्हणून आज झाशी उत्तर प्रदेशात आहे आणि अठरा किलोमीटरवरचे ओरछा मध्य प्रदेशात. २०११च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेश विधानसभेने राज्याचे चार भाग करून त्यांत एक बुंदेलखंड करण्याचा ठराव केला, तोही तसाच पडून राहिला. अर्धे बुंदेलखंड मध्य प्रदेशात असताना उरलेल्या अर्ध्याचे राज्य कसे चालेल, हे आम्हाला तरी उमगत नाही.

आता एक गोष्ट आपल्या गावची. दामोदरराव, ज्यांची मुंज जामीनदारांवर झाली, ते राणीनंतर दोन वर्षे रानावनांत भटकले आणि १८६०ला इंदूरला आले. सहा लाखांची ठेव जप्त झाली होती. सालाना दहा हजारांची पेन्शन मिळाली, सोबत माणसे किती ठेवायची तेही सरकारने ठरवले. त्यांनी इथेच संसार केला, छायाचित्रणाचा छंद जोपासला, ठेवीसाठी अर्ज केले, आणि १९०६ला इथेच वारले. शेहेचाळीस वर्षे. ती ठेव त्यांना कधी परत मिळाली नाही. झाशीचा शेवटचा वारस आपल्या इंदूरचा रहिवासी होता आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचे नावसुद्धा घोड्याच्या पाठीवरच्या मुलापुढे माहीत नाही.

झाशीत शेवटच्या दिवशी आम्ही जुन्या शहरातल्या गणेश मंदिरात गेलो. राणीचे लग्न लागले ते हे देऊळ. तिथल्या मराठी मंडळींनी आजवर सांभाळले आहे. एक ऐंशीच्या घरातले काका बसले होते. त्यांची मराठी बुंदेली वळणाची, "तुम्ही कधी येऊन राहिले?" अशी. आम्ही विचारले, काका, इथे आता मराठी घरे किती? ते म्हणाले, "आरतीला येतात ती मोजू, की फॉर्मात लिहितात ती मोजू?"

तो प्रश्न घेऊन आम्ही परत आलो. २०११च्या जनगणनेला आमच्या दारात प्रगणक आला होता. त्याने नाव विचारले, वय विचारले, आणि मातृभाषेच्या जागी न विचारताच हिंदी लिहिले. आम्हाला दिसले. उन्हातान्हात आलेला माणूस, कशाला खोडाखोड, म्हणून पाणी देऊन पाठवला. त्या गणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा नोंदवलेले लोक बारा लाखांच्या वर होते. आपल्यासारखे पाणी देऊन पाठवणारे किती, ते त्यात नाहीत.

भाषिक अल्पसंख्याकांची हमी आकड्यांवर चालते. वर्गात दहा मुले किंवा शाळेत चाळीस असली तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून. एखाद्या भागात लोकसंख्येच्या पंधरा टक्के असले तर सरकारी नियम, सूचना त्या भाषेत. राज्यघटनेच्या ३५०-क आणि ३५०-ख या कलमांचा आधार आहे, पण आकडा नसेल तर कलम काय करील? बेळगावची मंडळी यासाठी वर्षानुवर्षे झगडत आहेत. आपल्याला तर कोणी अडवलेलेही नाही. आता २०२७ची जनगणना आहे, त्यात स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे. तो रकाना आपल्याच हाताने भरायचा आहे.

इथे आमची एक कबुली बाकी आहे. झाशीहून आल्यावर मुलीच्या शाळेतल्या प्रवेश अर्जाची जुनी प्रत कपाटात शोधली. मातृभाषा: हिंदी. अक्षर आमचेच. तेव्हा कोणीतरी सांगितले होते की हिंदी लिहिले म्हणजे पुढे भानगड नको, आणि आम्ही लिहून टाकले. मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच लिहिलंत?" गेल्या आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज दिला. शाळेने प्रतिज्ञापत्र मागितले. नोटरीकडे गर्दी होती, दीड तास लागला; त्याने मजकूर वाचून विचारले की साहेब, हे बदलून फायदा काय? आम्ही शुल्क मोजून दिले आणि पावती घेतली. ती मुलगी मागच्या रांगेत बसली आहे.

आता प्राध्यापक महोदयांनी कान धरायला हरकत नाही.